वडिलांचे रिव्हॉल्व्हर: वापरायचे की जपायचे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या जुन्या शेतकरी आणि फौजी घरांतून समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणारे प्रश्न बहुतेक वेळा वाटणीचे, लग्नाचे किंवा मुलांच्या शिक्षणाचे असतात. पण मधूनमधून एक वेगळा प्रश्नही येतो. वडिलांचे किंवा आजोबांचे परवान्याचे हत्यार मागे राहिलेले असते, ते जुने, परदेशी बनावटीचे आणि आता सहसा न मिळणारे असते, आणि घरातल्या एकाला ते वापरात ठेवायचे असते, तर दुसऱ्याला जसेच्या तसे जपायचे असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे त्याच्या आसपासच्या गावांत हत्यार हा घराण्याच्या मानाचा विषय असतो, त्यामुळे हा वाद पाहता पाहता भावाभावांत अबोला धरण्यापर्यंत जातो. अशाच एका कुटुंबाची हकिकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

कुटुंब खानापूर तालुक्यातले, भात आणि ऊस पिकवणारे. थोरले भाऊ मळ्यातल्या घरी राहून शेती पाहतात. धाकटे बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये नोकरीला आहेत. वडील वारले तेव्हा त्यांच्या नावाच्या परवान्यावर वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर होते, जे मुळात आजोबांनी घेतलेले होते. दिवस-कार्य उरकेपर्यंत ते कपाटातच पडून राहिले. पुढे एका जाणत्या नातेवाइकाने कान उघडल्यावर ते आणि त्याची काडतुसे बेळगावातल्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करण्यात आली. हे त्यांनी योग्यच केले, कारण परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याचा परवाना वारसांना आपोआप लागू होत नाही, आणि 1959च्या शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे असे हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावे लागते.

थोरल्यांचे म्हणणे सरळ होते. "मॅडम, मळ्यात आम्ही एकटेच की. शेजारच्या वस्तीवर चोरी झाल्यापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. घरचं हत्यार असून ते दुकानात पडलेलं काय कामाचं?" धाकट्यांना हे अजिबात पटत नव्हते. "दादा, ती काय पहार आहे होय, कोपऱ्यात उभी करून ठेवायला? अशी वस्तू पुन्हा मिळायची नाही." आईंना या दोघांच्या वादात रस नव्हता, खंडेनवमीला देव्हाऱ्यापुढे पाटावर ते रिव्हॉल्व्हर मांडले जाई, यंदा ते नसेल एवढीच त्यांची खंत होती. थोरल्यांच्या पत्नी पहिल्या भेटीत काहीच बोलल्या नाहीत.

कायद्याच्या बाबतीत बहुतेक घरांत दोन गैरसमज असतात आणि ते येथेही होते. पहिला असा की, वस्तू जुनी झाली म्हणजे परवाना लागत नाही. कायद्याच्या कलम 45 मध्ये पुराण्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे हे खरे, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल तरच. ज्याचा घोडा अजून पडतो आणि ज्याचे काडतुसांचे चाक अजून फिरते त्या रिव्हॉल्व्हरला, ते नुसते काचेच्या कपाटात ठेवायचे असले तरी, परवाना लागतोच. दुसरा गैरसमज असा की, वारसाला परवाना मिळणे जवळजवळ अशक्य आहे. 2016च्या शस्त्र नियमांतील नियम 25 प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. इतकेच काय, परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे ते करता येते. ज्यांच्या घरी वडील थकलेले आहेत त्यांनी ही तरतूद आवर्जून लक्षात ठेवावी. बाकीच्या वारसांची ना-हरकत, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि पोलिसांचा अहवाल एवढे सोपस्कार असतात. आमच्या भागात कन्नड कागदपत्रांपाशी मराठी शाळेत शिकलेला माणूस अडखळतो; या घरात थोरल्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ते काम आनंदाने अंगावर घेतले.

पुढच्या भेटीपूर्वी मी दोघा भावांबरोबर त्या विक्रेत्याच्या दुकानात गेले, कारण ज्या वस्तूवरून घर दुभंगते आहे ती सर्वांनी एकत्र आणि उजेडात पाहावी असे मला नेहमी वाटते. विक्रेत्याने खटका दाबून नळी खाली वाकवली, तशी मागची चांदणी, म्हणजे काडतुसे बाहेर ढकलणारी चकती, वर आली आणि चाकाची सगळी घरे रिकामी असल्याचे त्याने आधी आम्हा प्रत्येकाला दाखवले. मग भिंग पुढे केले. स्क्रूंच्या खाचांत वर्षानुवर्षांचे हळदकुंकू घट्ट बसले होते आणि ते टोकदार काडीने हलवले तेव्हा खाली तांबूस गंज निघाला. नळीवर एका बाजूला बोटभर लांबीचा खरबरीत पट्टा होता. रिव्हॉल्व्हर ठेवायच्या चामडी पाकिटाची शिवण जेथे टेकत असे नेमका तेथेच. पाकिटाच्या पट्ट्यात खोचून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर चढला होता. कमावलेल्या चामड्यातली आम्ले आणि खानापूरच्या पावसाळ्यातली ओल यांनी हे केले होते, आणि ज्या घराने ते देवासारखे जपले असे म्हटले जात होते त्याच घरात हे झाले होते. धाकटे बराच वेळ भिंगातून पाहत राहिले.

त्यांचा मनातला बेत तोपर्यंत वेगळाच होता. ओळखीच्या कारखान्यात नेऊन त्याला बफ मारायचे, वर निकेल चढवून घ्यायचे आणि मग काचेत ठेवायचे, असे त्यांनी ठरवले होते. विक्रेत्याने त्यांना शांतपणे समजावले की, जुन्या शस्त्राची किंमत त्याच्या मूळ निळसर काळ्या झिलईत, बर्मिंगहॅमला मजबुतीची चाचणी झाल्याच्या ठशांत आणि जुळणाऱ्या क्रमांकांत असते. बफ मारला की ठशांच्या कडा जातात आणि संग्राहक त्या वस्तूकडे पाहतही नाही. शिवाय शस्त्र दुरुस्तीचा परवाना नसलेल्या कारखान्यात ते नेणे हा गुन्हा, आणि पॉलिश करताना क्रमांक पुसला गेला तर तो आणखी एक गुन्हा. जपणे म्हणजे हलक्या तेलाचा पुसट हात, कोरडे फडके, चामड्याऐवजी कोरड्या पेटीत सिलिका जेल घालून ठेवणे आणि पावसाळ्यात ठरावीक दिवसांनी उघडून पाहणे; याहून जास्त काही करू नये.

वापरण्याच्या बाजूनेही मी सगळे ऐकून घेतले, कारण जुने रिव्हॉल्व्हर अधूनमधून झाडले की लगेच त्याची माती होते असे नाही. जाणकार कारागिराने खटक्याची पकड, चाकाची ढिलाई, चाक नळीसमोर नेमके थांबते की नाही आणि चाकाच्या घरांना आजचे काडतूस योग्य आहे की नाही हे तपासून दिले, तर ते शूटिंग रेंजवर थोडेफार वापरता येते. मात्र त्याचे मूळ सुटे भाग आता सहसा मिळत नाहीत. खटका किंवा स्प्रिंग तुटली तर मूळ भाग गेला तो गेलाच. अशा वेळी, नेमबाजीची खरोखर आवड असलेल्या माणसाने कानपूरच्या कारखान्यात तयार होणारे बत्तीस बोअरचे भारतीय रिव्हॉल्व्हर त्यासाठी घ्यावे आणि जुने निवांत ठेवावे, असे माझे मत आहे; शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतरही एका व्यक्तीला दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात.

पण थोरल्यांना नेमबाजी करायची नव्हती. त्यांना भीती वाटत होती. म्हणून मी त्यांना रात्रीचा प्रसंग सविस्तर सांगायला लावले: कुत्रे भुंकले, तुम्ही जागे झालात, आता रिव्हॉल्व्हर कोठे आहे? ते म्हणाले, कपाटात, कुलपात. काडतुसे? दुसऱ्या कुलपात. चाव्या? देव्हाऱ्यात. मग ते स्वतःच थांबले. संरक्षणासाठी ठेवलेले हत्यार उपयोगी पडायचे तर ते भरलेले आणि हाताशी हवे. घरातल्या माणसांना त्यापासून धोका नको असेल तर ते रिकामे, कुलूपबंद आणि काडतुसांपासून दूर हवे. या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी होत नाहीत, आणि "घरात आहे" एवढ्या धीरावर जगणारी माणसे प्रत्यक्षात यांपैकी कोणती गोष्ट निवडत आहेत याचा विचार करत नाहीत. त्यातून मोटारीची केबल चोरून पळणाऱ्यावर गोळी झाडण्याची मुभा कायदा देत नाही. रानडुकरांचे म्हणाल तर बत्तीस बोअर त्या कामाचे नाही, आणि रानडुकरे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात; वनखात्याच्या परवानगीशिवाय त्या वाटेला जाऊच नये.

थोरल्यांच्या पत्नींना मी एकटीला भेटायला बोलावले. त्या आल्या आणि बसताक्षणीच म्हणाल्या, "मॅडम, ती वस्तू घरात आणू देऊ नका की. ह्यांना बोलले तर रागावतील." त्यांचा मोठा मुलगा वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत दुसऱ्यांदा मागे पडला होता. तो रात्रभर जागा असे, जेवणावरून उठून जाई, आणि "माझ्यामागं तुम्हाला त्रासच" असे एकदोनदा आईला म्हणाला होता. घरात हे सर्वांना दिसत होते; रिव्हॉल्व्हरच्या वादाशी त्याचा संबंध मात्र एकट्या आईने लावला होता.

मी त्या मुलाला भेटले आणि जीव देण्याचे विचार येतात का, असे त्याला स्पष्ट शब्दांत विचारले. विचारल्याने असा विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, इतके दिवस कोणी विचारले नव्हते म्हणूनच तो बोलला नव्हता. विचार येत होते. त्याच आठवड्यात त्याला धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवले गेले आणि उपचार सुरू झाले. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक त्याने स्वतःच्या आणि आईच्या फोनमध्ये घालून घेतला. वडिलांना सांगताना मी शब्द मवाळ केले नाहीत: जिवावर उठण्याची ती तीव्र लहर बहुधा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात प्राणघातक साधन हाताशी नसणे हा जीव वाचवणाऱ्या सर्वांत भरवशाच्या उपायांपैकी एक आहे. कुलूप पुरत नाही, कारण घरातल्या मुलाला चाव्या कोठे असतात हे ठाऊक असते. फवारणीच्या औषधांचे डबेही त्यांनी त्याच दिवशी मळ्यातून हलवून भावकीतल्या एका घरी कुलपात ठेवले. आमच्या शेतकरी घरांत तेही तितकेच महत्त्वाचे आहे.

थोरले खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चोराची भीती घालवायला पोराची भीती घरात आणत होतो."

त्यानंतर निर्णयाला फारसा वेळ लागला नाही. थोरल्यांनी वारस म्हणून परवान्याचा अर्ज केला, धाकट्यांनी ना-हरकत लिहून दिली, आणि परवाना झाला तरी रिव्हॉल्व्हर विक्रेत्याच्याच ताब्यात राहील, नवी काडतुसे घ्यायची नाहीत, असे कुटुंबाने एकत्र बसून ठरवले. हिरवा थर चढलेली जुनी काडतुसे विक्रेत्यामार्फत रीतसर नष्ट करण्यासाठी देण्यात आली. देखभालीची जबाबदारी धाकट्यांची. पावसाळ्यात ते दुकानात जातात, विक्रेत्यासमोर तेलाचा हात फिरवतात आणि वहीत तारीख लिहितात. मळ्यात दोन दिवे, फाटकाला घंटा आणि शेजारच्या तीन वस्त्यांचा एक फोनगट झाला. थोरल्यांची झोप, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, यानेच सुधारली.

आईंचा प्रश्न सर्वांत अवघड जाईल असे मला वाटले होते. आपल्याकडे खंडेनवमीला कोयता, विळा, पहार, कारखान्यातले यंत्र, जे जे हाताला भाकरी देते ते सगळे पूजले जाते, याची आठवण त्यांच्या नातीने त्यांना करून दिली. त्या वर्षी पाटावर वडिलांचा ऊसतोडीचा कोयता मांडला गेला. आईंना ते पुरते पटले असे मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी निदान फोटो तरी मांडा, असे त्यांनी धाकट्यांना बजावले आहे.

धाकट्यांच्या मनात अजून विकण्याचा विचार अधूनमधून येतो. 1980च्या दशकात खासगी आयातीवर बंधने आल्यापासून अशा परदेशी शस्त्रांना मागणी आहे, आणि परवानाधारक ग्राहकाला विक्रेत्यामार्फत कायदेशीरपणे ते देता येते. त्यात गैर काही नाही, फक्त ते दुःखाच्या पहिल्या वर्षात ठरवू नये, असे मी सुचवले. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. नूतनीकरणाच्या वेळी दोघांनी आणि तोवर सावरलेल्या मुलानेही एकत्र बसून पुन्हा विचार करायचा, असे ठरले आहे. मुलगा सध्या बेळगावात फार्मसी शिकतो आणि दर महिन्याला धारवाडला जाऊन येतो.