कोडिंग जेमतेम, तरी ओपन सोर्समध्ये यायचंय

प्रश्न: बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, काम करायची खूप इच्छा आहे पण कोड बघितला की घाबरायलाच होतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर: अरे मग कोडपासून नकोच, फायरफॉक्स ब्राउझरच्या मराठी भाषांतरापासून कर! फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं पाँटून नावाचं भाषांतराचं टूल आहे, त्यात लॉगिन करून मराठी निवडलं की एकेक इंग्रजी वाक्य समोर येतं, खाली आपलं मराठी टाकायचं. फक्त महिरपी कंसात डॉलरचं चिन्ह लावलेला शब्द दिसला तर त्याला हात लावू नको, प्रोग्राम तिथे आकडा किंवा नाव भरतो, तो मोडला की वाक्यच बिघडतं. तुझी सूचना जुना अनुभवी माणूस तपासतो, मगच ती ब्राउझरमध्ये जाते. नाकारली तर कारण नक्की विचार, खरं शिकणं तिथंच होतं. आणि पहिल्याच दिवशी शंभर वाक्यं नको रे, पाचच कर पण आईला वाचून दाखव, तिला कळली की पाठव.