पाल छताला उलटी चालते, मग ओल्या बेसिनमध्ये का अडकते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पालीच्या पायात डिंक असतो की हवा ओढून धरणारी वाटी? आणि छताला उलटी लटकणारी पाल वॉशबेसिनमध्ये पडली की तिला वर का चढता येत नाही?

डिंक नाही आणि वाटीही नाही. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. दरवर्षी कुणीतरी पोरगं हाच प्रश्न विचारतं, आणि निम्म्या वर्गाचं उत्तर 'सर, सक्शन' असं ठरलेलं असतं.

सक्शन असेल तर हवा काढून घेतल्यावर पकड सुटायला हवी. डेलिट नावाच्या संशोधकाने 1934 सालीच पालीचा पाय निर्वातात तपासला, पकड टिकून राहिली. मग स्थिर विद्युत म्हणावं, तर त्याच माणसाने क्ष-किरणांनी आजूबाजूच्या हवेचं आयनीभवन करून पाहिलं. साठलेला प्रभार त्यामुळे निघून जातो, तरी पाय सुटला नाही. आणि चिकट स्राव पाझरायचा तर त्या जागी ग्रंथी हव्यात. पालीच्या बोटांच्या गादीत त्या नाहीतच.

इथून पुढचं काम शरीररचनेवाल्यांचं. तुम्हीही घरी पाहू शकता. जूनचे पहिले पाऊस झाले की ट्यूबलाइटवर पाखरं जमतात आणि पाली खिडकीच्या काचेवर बाहेरून येऊन बसतात. आतून काचेला मोबाइल लावा आणि झूम करून तिचा तळपाय पाहा. प्रत्येक बोटाच्या खाली तिरक्या पट्ट्यांच्या दोन रांगा दिसतात, बोटाच्या मधोमध एकमेकींना भिडलेल्या, आणि टोकाला नखासकट एक बारीक पेर त्या गादीतून वर निघालेलं. ती पाऊल उचलते तेव्हा नीट लक्ष द्या. आधी बोटांची टोकं वरच्या बाजूला, म्हणजे आपली बोटं मिटतात त्याच्या उलट दिशेला, वळतात. मग पाऊल निघतं.

त्या पट्ट्यांवर काय आहे ते मोबाइलमध्ये दिसणार नाही. तिथे केस आहेत. टोके नावाच्या मोठ्या जातीच्या पालीवर सगळ्यात जास्त प्रयोग झालेत, म्हणून आकडे तिचे देतो: चारही पावलांवर मिळून सुमारे 65 लाख केस, प्रत्येकाची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा कमी. प्रत्येक केसाला शेंड्याशी शेकडो फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याचं टोक चपटं असतं, रुंदी 0.2 मायक्रोमीटरच्या घरात. ही चपटी टोकं 1965 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. साध्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसायचीच नाहीत, कारण आकार दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान.

आता माझा विषय. कुठलेही दोन पदार्थ अगदी जवळ आले, म्हणजे काही नॅनोमीटरवर, की त्यांच्या रेणूंमध्ये एक क्षीण ओढ असते. तिला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात; त्या डच शास्त्रज्ञाला 1910 चं नोबेल मिळालं. तुमचा तळहात भिंतीला टेकला तरी ते बल असतंच, पण हाताची त्वचा आणि भिंत दोन्ही खडबडीत, त्यामुळे खरोखर टेकलेला भाग नगण्य. पालीची कोट्यवधी चपटी टोकं भिंतीच्या खाचाखोचांत शिरून खरोखर टेकतात. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली पालीचा एकच केस सुटा करून त्याची ओढ मोजली. सुरुवातीला काही जमेना. केस नुसता दाबून उपयोग नाही. आधी हलका दाब द्यायचा आणि मग पृष्ठभागाला समांतर काही मायक्रोमीटर ओढायचा, तेव्हा तो धरतो. धरल्यावर एका केसाची ओढ भरली सुमारे 200 मायक्रोन्यूटन. चारही पावलांवरचे सगळे केस एकदम धरले तर हिशेबाने 130 किलो तोलता येतील. गंगावेस तालमीतला एखादा भारदस्त पैलवान म्हणा की. आणि पालीचं वजन? शंभर ग्रॅमसुद्धा नाही.

त्याच गटाने 2002 साली उरलेली शंकाही मिटवली. हवेतल्या ओलाव्यामुळे पाय चिकटत असेल तर पाणी धरणारा पृष्ठभाग आणि पाणी झटकणारा पृष्ठभाग यांत मोठा फरक पडायला हवा. तसा तो पडला नाही.

मला विचाराल तर चिकटणं हा यातला सोपा भाग. एवढी ताकद असताना पाल पाऊल सोडवते कसं, हे जास्त भारी आहे. केस आणि भिंत यांच्यातला कोन साधारण 30 अंशांच्या पुढे गेला की केस आपोआप सुटतो. बोटांची टोकं उलटी वळतात ती याचसाठी. सेलोटेप एका कडेने सोलावी तशी एकेक रांग सुटत जाते, सगळे केस एकदम उपटावे लागत नाहीत. सेकंदाचे शंभर भाग केले तर एक पाऊल सोडवायला त्यातले एकदोन पुरतात. या पकडीला स्नायूंनी आवळून धरण्याचीही गरज नाही. 2014 साली कॅलिफोर्नियातल्या दोघा संशोधकांनी नुकत्याच मेलेल्या पालींचे पाय काचेवर ओढून पाहिले, आणि पकड जिवंत पालीइतकीच भरली.

आता तुमचं बेसिन. त्याचा वरचा थर म्हणजे जवळजवळ काचच, आणि काचेला पाणी धरून ठेवायची सवय. त्यावर पाण्याचा पातळ थर पसरला की केसांची टोकं आणि काच यांच्यात पाणी येतं, ते बाजूला होत नाही आणि काही नॅनोमीटरचं ते अंतर साधतच नाही. वर पालीची पावलंही भिजतात, मग कोरड्या जागीसुद्धा पकड कमी होते. गंमत म्हणजे टेफ्लॉनवर, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरच्या थरावर, तो कोरडा असताना पाल घसरते आणि तोच ओला केला तर धरते. टेफ्लॉन पाण्याला थारा देत नाही, म्हणून ते पाणी मधून निघून जातं. बेसिनमध्ये पाल दिसली तर गरम पाणी ओतू नका. कोरडं फडकं काठावरून आत सोडून ठेवा, तिची ती जाते. आणि घरातली पाल विषारी नसते. दुधात पडली तर दूध टाकून द्या, कारण तिच्या अंगावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. पण विषाचं नाव नको.

एकाने खाली घोरपडीबद्दल विचारलंय. घोरपडीच्या दोराची गोष्ट खरी की खोटी ते इतिहासवाल्यांनी पाहावं. शरीररचनेपुरतं सांगायचं तर घोरपडीच्या बोटांना असली गादी नसते, ती नखांनी कपारीत अडकते. तिला काचेवर ठेवलीत तर घसरेल.

पालींमध्येही सगळ्यांकडे ही गादी नाही. 2012 च्या एका अभ्यासानुसार पालींच्या वंशावळीत ती वेगवेगळ्या वेळी 11 वेळा आली आणि 9 वेळा गेली. गादी नसलेली एक पाल तर आपल्याच जिल्ह्यातली आहे, निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. वरद गिरी, आरोन बाउअर आणि क्षमता गायकवाड यांनी 2009 साली ती नवी जात म्हणून नोंदवली. सह्याद्रीच्या जंगलात जमिनीवर राहते, बोटं सडपातळ, पकड नखांची. तिचे खवले उजेडात सप्तरंगी झळकतात, आणि ती झळक रंगद्रव्याची नाही, खवल्यांच्या बारीक ठेवणीतून प्रकाश फुटतो म्हणून. घरातल्या पालीचं फिजिक्स पायात, हिचं पाठीवर. त्यावर वेगळा प्रश्न टाकलात तर सवडीने लिहीन.