परिपाठ रोज होतो, मग मुलं तशीच का?

प्रश्न : आमच्या शाळेत परिपाठ नेमानं होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, बोधकथा, काही चुकत नाही. मधल्या सुट्टीत मात्र तीच ढकलाढकली, तीच खोडरबरांची पळवापळवी. कुठे कमी पडतंय? (शिक्षिका, इयत्ता पाचवी, जिल्हा परिषद शाळा)

उत्तर : बोधकथेचा शेवट बघा. "यावरून आपण काय शिकलो?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "नेहमी खरं बोलावं" म्हणतो. बाईंना कोणतं उत्तर हवंय हे मुलांना पहिलीपासून ठाऊक असतं, त्यामुळे डोकं चालवायची वेळच येत नाही.

आठवड्यातून एक दिवस बोधकथेऐवजी पेच द्या. हे मैदानावर रांगेत उभं राहून होत नाही. वर्गात बसून वीस मिनिटं लागतात. पेच मुलांच्या रोजच्या जगण्यातला, तीन-चार वाक्यांचा आणि दोन्हीकडे सारखा जड हवा. उदाहरणार्थ : रोहनची आई आजारी होती, त्याचा गृहपाठ राहिला. तो तुझी वही उतरवायला मागतोय. बाईंनी कालच बजावलंय की वही देणाराही तितकाच दोषी. तू काय करशील?

आधी दोन मिनिटं गप्प बसून प्रत्येकानं आपलं उत्तर एका ओळीत लिहायचं. मग चार मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं, उरलेला वेळ सगळ्यांनी मिळून. घाईत गाळली जातात ती नेमकी पहिली दोन मिनिटं. ती गाळली की पुढच्या बाकावरची चार बोलकी मुलं वर्गाचं मत ठरवून टाकतात. तुम्ही दोनच प्रश्न विचारा : "असं का वाटतं?" आणि "रोहनच्या जागी तू असतीस तर?" हात वर करून मतं मोजू नका, मोजली की चर्चा तिथेच संपते. "वही देईन, पण आधी बाईंना सांगेन" असं कुणी म्हणालं, तर ते मुलानं स्वतः शोधलेलं उत्तर आहे. त्यावर लगेच "शाब्बास" म्हणू नका. म्हटलंत की बाकीची तेच बोलू लागतात. आणि वर्गात चोरी झाली त्याच आठवड्यात चोरीचा पेच घेऊ नका. चर्चा राहते बाजूला, सगळ्या नजरा एकाच मुलाकडे वळतात.

प्रश्न : विक्रेत्याविना दुकान सुरू केलं. मुलांनी वस्तू घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. दुसऱ्याच आठवड्यात हिशेबात तूट आली. बंद करावं का? (मुख्याध्यापक)

उत्तर : बंद करू नका, आधी तूट कशामुळे आली ते तपासा. बऱ्याचदा कारण लबाडी नसून सुटे पैसे हे असतं. सात रुपयांच्या वस्तूला मूल दहाचं नाणं टाकतं, डब्यात सुटे नसतात, मग दुसऱ्या दिवशी ते एक वस्तू 'हिशेबात' उचलतं. म्हणून सगळ्या किमती पाच किंवा दहा रुपयेच ठेवा. सकाळी डब्यात पाचाची दहा नाणी टाका आणि शेजारी दोरीला बांधलेलं पेन व उधारीची वही ठेवा. उधारी लिहिण्यात कमीपणा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. वस्तू पाच-सहाच पुरेत : पेन्सिल, खोडरबर, शार्पनर, पट्टी, रेघी वही. खाऊ नको, भूक लागलेल्या मुलाची परीक्षा घेणं बरं नाही.

शाळा सुटताना पाळीतली दोन मुलं वस्तू आणि पैसे मोजतील आणि फळ्यावर फक्त आकडा लिहितील : "आज १५ रुपये कमी." नावं नाहीत, संशय नाही, झडती तर नाहीच. तूट वाढत गेली तर दुकानाचं काय करायचं, हे वर्गालाच ठरवू द्या.

एका गोष्टीची जाणीव असू द्या. अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी १९२० च्या दशकात हजारो मुलांच्या प्रामाणिकपणाच्या चाचण्या घेतल्या. एका ठिकाणी खरं वागणारं मूल दुसऱ्या ठिकाणी तसंच वागेल याची खात्री नव्हती. दुकानात तूट आली नाही म्हणून परीक्षेत कॉपी होणार नाही, असं धरून चालू नका. परीक्षेतला प्रामाणिकपणा वेगळा जोपासावा लागतो.

प्रश्न : श्रमप्रतिष्ठा म्हणून मुलांकडून स्वच्छता करून घेतो. पालक तक्रार करतात. (शिक्षक)

उत्तर : तक्रार कामाबद्दल आहे की वाटणीबद्दल, ते विचारा. झाडू मुलींच्या हातात आणि बाक उचलायला मुलगे, असं असेल तर श्रमप्रतिष्ठेच्या नावाखाली उलटंच शिकवलं जातंय. ठरावीक घरांतलीच मुलं झाडताना दिसत असतील तर ते त्याहून वाईट, तिथे जात बोलतेय. चाळीसचा पट असेल तर हजेरीक्रमांकानुसार पाचाचे आठ गट करा. कामं सात : झाडणं, फळा, पिण्याचं पाणी, आहाराची ताटं मोजणं, झाडं, पुस्तकांची देवघेव, हरवलं-सापडलं पेटी. आठव्या गटाला विश्रांती. दर सोमवारी कामं बदला आणि तक्ता दारावर लावा. उशिरा येणाऱ्याला झाडायची शिक्षा कधीही देऊ नका. एकदा दिलीत की झाडणं म्हणजे अपमान, हे पक्कं होतं. स्वच्छतागृह धुणं हे पगारी माणसाचं काम आहे. वापरल्यावर पाणी टाकणं मात्र प्रत्येकाचं, तुमचंही.

प्रश्न : वर्णनात्मक नोंदींत मूल्यांबद्दल काय लिहावं? (शिक्षिका)

उत्तर : "प्रामाणिक आहे", "सहकार्य करते" असे शिक्के नकोत. पाहिलेलं लिहा, तारखेसह : "चाचणीत बेरजेच्या चुकीनं दोन गुण जास्त मिळाल्याचं स्वतः येऊन सांगितलं." रोज तीन मुलांवर लक्ष ठेवलं तर चाळीसचा पट साधारण चौदा दिवसांत होतो. गुण किंवा श्रेणी देऊ नका, मुलं मग पाहणाऱ्यासाठी वागू लागतात.