पुढचा एक दात कॅपचा. मग दात पांढरे करावेत का?

प्रश्न : वय ३८. चहाने दात पिवळे पडलेत. पुढच्या एका दाताला सिरॅमिकची कॅप आहे. गार पाणी लागलं की दात शिवशिवतात. दोन महिन्यांनी भाचीचं लग्न आहे. दात पांढरे करून घेऊ का?

उत्तर : आधी तपासणी आणि स्केलिंग, म्हणजे डॉक्टरांकडून दातांची सफाई, करून घ्या. चहाचे वरवरचे डाग बरेचदा तेवढ्यानेच जातात, पुढचा खर्चही वाचतो. शिवशिवण्याचं कारण कीड किंवा उघडं पडलेलं मूळ असेल, तर त्यावर पहिल्यांदा उपचार हवेत. अशा दाताला ब्लीचिंगची (दात पांढरे करण्याची) जेल लावली तर फार ठणकतं.

तुम्हाला दवाखान्यातल्या तीव्र जेलपेक्षा घरी वापरायचा ट्रे बरा. डॉक्टर दातांवर बसणारा मापाचा ट्रे करून देतात. त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची (दात उजळवणाऱ्या रसायनाची) जेल, प्रत्येक दाताच्या जागी पुढच्या बाजूला छोटा थेंब, रात्री घालायची. दोन ते तीन आठवडे लागतात. जास्त भरली की जेल हिरडीवर येते आणि हिरडी पांढरी पडून चुरचुरते. बाहेर आलेली लगेच पुसा. शिवशिव कमी व्हावी म्हणून दोन आठवडे आधीपासून पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट वापरा. शिवशिव वाढली तर एक रात्र सोडून लावा.

कॅपचा रंग मात्र जेलने बदलत नाही! शेजारचे दात उजळले की ती उलट पिवळट दिसेल. ब्लीचिंगनंतर रंग स्थिरावायला दोन आठवडे द्या, मगच त्या छटेची नवी कॅप करा. म्हणून सुरुवात याच आठवड्यात करा. लिंबू-सोडा दातांवर घासू नका, एनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) झिजतं.