पिशवी काढली म्हणजे नेमकं काय काय काढलं?

ताई, आईंच्या डिस्चार्ज कार्डावर 'टीएएच-बीएसओ' आहे आणि डॉक्टर नुसतं "पिशवी काढली" म्हणतात, हे वाचून माझेच दिवस आठवले. मी डॉक्टर नाही, औषधांबद्दल बोलणार नाही.

टीएएच म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढणं. बीएसओ म्हणजे दोन्हीकडच्या नळ्या आणि दोन्ही ओव्हरी (बीजांडकोश) काढणं. आमच्या इंदुरात 'बच्चेदानी निकाल दी' म्हणतात, मराठी घरांत 'पिशवी काढली'. ओव्हरी गेली की राहिली, हे त्यातून कळतच नाही. आणि फरक तर तिथेच आहे. पाळी जायच्या वयाआधी गर्भाशय काढलं आणि ओव्हरी राहिल्या, तर पाळी थांबली तरी इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन बनत राहतं. दोन्ही गेल्या की एका दिवसात रजोनिवृत्ती.

मी तेव्हा ४१ वर्षांची होते, गाठ एकाच बाजूच्या ओव्हरीला, पण काढल्या दोन्ही. संमतीचा फॉर्म न वाचता सही केली, ही माझी चूक. नंतर अंगातून वाफा, धडधड, रात्ररात्र झोप नाही. तीन वर्षं "टेन्शन घेऊ नका" ऐकलं. मग एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "ओव्हरी आहेत ना?" मला सांगता येईना. ऑपरेशन नोट मागायला गेले, तर रेकॉर्डच्या खिडकीवर कधी साहेब नाहीत, कधी फाइल स्टोरमध्ये, मंगळवारी या. रामबागेतून अकरा चकरा मारल्या! माझ्याच शरीराचा कागद, आणि हात मी जोडायचे.

आधी नीट सांगणं काही नवं नाही. १८०९ मध्ये अमेरिकेत, केंटकीतल्या डॅनव्हिलला, एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरने जेन टॉड क्रॉफर्ड यांची ओव्हरीची सुमारे १० किलोची गाठ काढली, भूल नसताना, २५ मिनिटांत. ६० मैल घोड्यावरून आलेल्या त्या बाईला धोका आधी सांगितला होता. पुढे ३२ वर्षं जगली ती. आणि १८७२ मध्ये रॉबर्ट बॅटी या अमेरिकन सर्जनने चांगल्या ओव्हरीही काढायला सुरुवात केली. मग पाळीच्या दुखण्यापासून फिट्स आणि 'हिस्टेरिया'पर्यंत कशावरही तोच उपाय होऊ लागला. कॅन्सरचा संशय असेल, घराण्यात बीआरसीए (स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष) असेल, तर काढणं समजू शकते. पण "आता पोट उघडलंच आहे तर" हे कारण मला आजही पटत नाही.

ऑपरेशन नोट आणि बायोप्सी रिपोर्ट लेखी अर्ज देऊन मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागू नका, मी तिथेच फसले. लॅबकडे काढलेल्या भागाचे नमुने, म्हणजे स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक असतात, दुसरं मत घ्यायचं तर तेही मागता येतात.

आईंचं वय लिहिलं नाहीत. पंचेचाळीसच्या आत असेल तर याच आठवड्यात गायनॅकला दाखवा, हॉर्मोन द्यायचे की नाही ते त्या ठरवतील. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचंही विचारा, माझी फार उशिरा झाली.