कायनेजचे ‘वाण’ म्हणावेत का?

सांगलीच्या एका प्राध्यापिकेने विद्यार्थ्यांसाठी तक्ता केलाय: ‘कॅमकायनेज-२ : ऊतीनिहाय वाण’. (कायनेज म्हणजे दुसऱ्या रेणूंना फॉस्फेट जोडणारं विकर, म्हणजेच एन्झाइम; कॅमकायनेज-२ हे त्यातलं कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालणारं.) त्यांचा प्रश्न असा, की ‘आयसोफॉर्म’ला, म्हणजे एकाच प्रथिनाच्या थोड्या वेगळ्या रूपाला, वाण म्हटलेलं चालेल, की ‘समरूप’ म्हणावं?

वाण सुचला यात नवल नाही. तासगावच्या द्राक्षबागेत पाय ठेवला की पहिला प्रश्न तोच: वाण कुठला, थॉमसन की माणिक चमन? मूळ शब्द ‘वर्ण’. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत रंगाचा जुना अर्थ टिकून आहे. (संक्रांतीचं वाण वेगळं, ते ‘वायन’मधून आलेलं.) शेतीत मात्र वाण म्हणजे वंशानं पक्की झालेली जात. कलमाचा खुंट डॉगरिज या दुसऱ्या द्राक्षजातीचा असला तरी वर चढणाऱ्या वेलीचा वाण एकच.

घोटाळा इथेच होतो. उंदराच्या मेंदूतल्या आणि हृदयातल्या पेशींत या कायनेजची अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा ही चारही जनुकं असतात. मेंदूत अल्फा-बीटाचं राज्य, हृदयात प्रामुख्यानं डेल्टा. फरक कुठलं जनुक किती वाचलं जातं याचा. ‘वाण’ वाचून विद्यार्थ्याला वाटेल, हृदयाच्या पेशीत अल्फाचं जनुकच नाही. शिवाय एकाच जनुकाचे तुकडे निरनिराळे जोडूनही रूपं होतात: डेल्टा-बीमध्ये केंद्रकात शिरण्याचा परवाना असलेला छोटा तुकडा असतो, डेल्टा-सीमध्ये नसतो, म्हणून ते पेशीद्रवात राहतं. याला वाण कसं म्हणणार?

‘समरूप’ भूमितीनं आधीच अडवून ठेवलाय. समरूप त्रिकोणांत कोन तेच, बाजू प्रमाणात. समस्थानिक, समघटक यांतला ‘सम’ रुळलेला आहे हे खरं, पण तो आयसोझाइमसाठी (एकच काम करणाऱ्या वेगवेगळ्या विकरांसाठी) ‘समविकर’ म्हणून राखावा. आयसोफॉर्मला मी ‘रूपभेद’ म्हणेन.

मथळ्यापेक्षा मला जास्त काळजी रकान्यांची वाटते. नुसतं ‘डेल्टा’ लिहू नका. कॅमकायनेज-२ मधला डेल्टा हा रूपभेद. एका रेणूत साधारण 12 घटक असतात आणि त्यांत रूपभेदांची सरमिसळही चालते. फॉस्फोरिलेज कायनेजही कॅल्शियमवर चालतं, पण तिथे अल्फा ते डेल्टा हे एकाच रेणूतले चार जातींचे घटक, प्रत्येकी चार, एकूण 16. त्यातला डेल्टा म्हणजे चक्क कॅल्मोड्युलिन, कॅल्शियम धरणारं वेगळंच प्रथिन. आणि प्रोटीन कायनेज-सीचा डेल्टा कॅल्शियमला विचारतही नाही. अक्षर एक, अर्थ तीन.

तसंच ‘थ्रिओनिन 286’ (प्रथिनाच्या साखळीत 286व्या जागी असलेलं थ्रिओनिन हे अमिनो आम्ल) सगळ्या रकान्यांत उतरवू नका. तो अल्फाचा क्रमांक. बीटा-डेल्टात तीच जागा 287 येते. या जागेभोवतीची अमिनो आम्लं जवळपास सारखी असल्यानं तिथं चिकटणारी अँटिबॉडी (प्रथिन ओळखायला वापरतात ती) रूपभेद ओळखत नाही. प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं तपासली की पट्ट्या उमटतात; हृदयातल्या पट्टीला ‘अल्फा’ नाव पडतं ते त्यामुळेच. वजनावर विसंबूनही भागत नाही: अल्फा सुमारे 50 आणि बीटा 60 किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक), पण गॅमा-डेल्टाच्या पट्ट्या याच पल्ल्यात घुसतात. रूपभेदाचं नाव लिहायचं तर त्या रूपाचीच खास अँटिबॉडी हवी. ऊतींची तुलना करताना पट्टीच्या मापाला अ‍ॅक्टिन या पेशीतल्या नेहमीच्या प्रथिनाच्या मापानं भागू नका, त्याचं प्रमाण ऊतीगणिक बदलतं. त्याऐवजी सगळी प्रथिनं रंगवून त्यांच्या एकूण मापानं भागलेलं बरं. नमुना थंड करायला उशीर झाला तर मेंदूतलं कायनेज गुठळ्या होऊन सेंट्रिफ्यूजच्या साक्यात बसतं आणि वरच्या द्रवात ‘कमी’ दिसतं. म्हणून नमुना द्रवाचा की संपूर्ण ऊतीचा, हेही रकान्यात नोंदवावं.

मथळा असा करता येईल: ‘कॅमकायनेज-२ चे रूपभेद : कुठल्या ऊतीत कुठला जास्त’.