हेब्रनचे लोक स्वतःहून गेले काय?

प्रश्न : आमचे कोरकू गाव मेळघाटातून उठून अकोट तालुक्यात वसले, तेव्हा मुठवा देवाचे ठाणे आणि पूर्वजांचे मुंडे (त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले लाकडी खांब) जंगलातच राहिले. कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरील हेब्रन या ओस पडलेल्या मिशनचे छायाचित्र मी नुकतेच पाहिले. तेथील लोक स्वतःहून निघून गेले काय? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : नाही, गुरुजी, त्यांना उठवण्यात आले. जर्मनीतून आलेल्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांनी 1771 मध्ये त्याच किनाऱ्यावर नेन येथे आणि 1830 च्या सुमारास त्याच्या बऱ्याच उत्तरेला हेब्रन येथे ठाणे उभारले. प्रार्थनागृह आणि मिशनऱ्यांची घरे एकाच लांबलचक लाकडी इमारतीत होती, आणि तीही अशा किनाऱ्यावर, जिथे झाड म्हणून उगवत नाही. या किनाऱ्याचे मूळ रहिवासी असलेले इनुइट लोक तेथे आपल्याच भाषेत स्तोत्रे गात.

1918 मध्ये मिशनच्या ‘हार्मनी’ जहाजातून इन्फ्लुएन्झा आला. शेजारच्या ओकाक येथे 263 पैकी 204 माणसे दगावली आणि ते ठाणेच मोडले. हेब्रननेही आपली बहुतेक माणसे गमावली, तरी वाचलेल्यांनी गाव सोडले नाही.

गाव उठले ते 1959 मध्ये. क्षयरोग, घरांतील दाटी, सरपणाची टंचाई आणि डॉक्टरांची गैरसोय ही कारणे सांगण्यात आली, व ती सगळीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण गाव बंद करण्याचा निर्णय लोकांना न विचारता झाला आणि तो ईस्टरच्या वेळी ऐकवला गेला प्रार्थनागृहात, जिथे उलट बोलण्याची रीतच नव्हती. मला सर्वांत जास्त खुपते ते हेच. दोनशेहून अधिक माणसे दक्षिणेकडच्या नेन, होपडेल आणि मकोविक या गावांत विखुरली. कबूल केलेली घरे वेळेवर तयार नव्हती, नातलगांची ताटातूट झाली, आणि शिकारीच्या चांगल्या जागा आधीच्या रहिवाशांकडे असल्यामुळे कसलेले शिकारीही परावलंबी झाले.

2005 मध्ये न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर प्रांताचे प्रमुख डॅनी विल्यम्स यांनी याबद्दल माफी मागितली आणि 2009 मध्ये हेब्रन येथेच स्मारक उभारून त्यावर ती कोरण्यात आली. म्हणून त्या छायाचित्राखाली ‘सोडून दिलेले’ असे लिहिलेले असेल, तर ते अपुरे आहे. जुन्या इमारतीची डागडुजी झाली असून, हेब्रनच्या कुटुंबांतील माणसे उन्हाळ्यात तेथे मुक्कामाला जातात आणि येणाऱ्यांना आपल्या गावाची हकिगत स्वतःच्या तोंडून सांगतात.